निंबाखालचा जानोसा

माझ्या लग्नात सगळ्यात मोठी चूक कोणी केली, असं विचारलं तर आमच्याकडे अजूनही धुरपता आत्याचं नाव घेतात. ते साफ खोटं आहे. आत्याने फक्त चूल पेटवली. चूक माझी होती, आणि ती मी इतकी अक्कल पाजळून केली होती की आठवलं म्हणजे आधी मला स्वतःचा राग येतो आणि मग हसू आवरत नाही.

आधी आमच्या चिंचेचं सांगते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. वडनेरला आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, आणि अर्ध्या अंगणावर एका जुन्या चिंचेची सावली. ही चिंच म्हणजे साळुंक्यांची निजायची जागा. दिवसभर झाडावर औषधालासुद्धा पाखरू नसायचं. दिवस कलला की चहूकडच्या शेतांतून दहा-दहा, वीस-वीसच्या टोळ्या यायच्या, आणि मग जागेवरून जे भांडण जुंपायचं ते अर्धा तास. घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. नंतर अंधार पडता पडता सगळ्या एकदम गप्प व्हायच्या. रोज तसंच, आणि तरी रोज त्या शांततेचं मला नवल वाटायचं.

सकाळी त्या उडून जायच्या आणि अंगण माझ्या वाट्याला यायचं. सात वर्षांची होते तेव्हापासून मी ते झाडत आले. "पाखरं तुही, खराटाबी तुहा," असं माझी माय जिजाबाई म्हणायची, कारण एकदा बाबांनी फांद्या छाटायचं काढलं तेव्हा मीच रडून घर डोक्यावर घेतलं होतं. झाडता झाडता मी शहाणी झाले. खाली काय पडलंय त्यावरून पाखरांनी काल कुठे चारा केला ते मला सांगता यायचं. निंबोळ्या, वडाची फळं, कधी कोणाच्या शेतातली तूर. पण मुख्य गोष्ट मला कळली ती ही, की त्या अख्ख्या चिंचेवर घरटं एकही नव्हतं.

ही गोष्ट माझ्या बाबांना, चिंधूजींना, कधीच पटली नाही. "घरटं नाई तं पाखरू निजन कायच्यात?" असं ते म्हणायचे. मी त्यांना शंभरदा सांगितलं, की घरटं म्हणजे पाखराचं घर नाही, ती बाळंतिणीची खोली आहे. अंडी घालायची, पिलं वाढवायची, काम झालं की सोडून द्यायची. निजायला झाड वेगळं. आणि पिलू एकदा बाहेर पडलं की ते पुन्हा त्या घरट्यात जात नाही, कितीही कोंबा. मी आठ वर्षांची असताना भिंतीच्या भोकातून पडलेलं एक पिलू चार वेळा परत भोकात ठेवलं होतं. चारही वेळा ते बाहेर आलं, आणि पाचव्यांदा हात लावला तर बोटाला चावलं. पुढचे आठ-पंधरा दिवस ते कुंपणाच्या काट्यांत हिंडत होतं, आणि त्याचे आईबाप तोंडात किडे घेऊन त्याच्या मागे मागे. त्यांना चांगलं माहीत होतं पिलू कुठे आहे ते. माहीत नव्हतं ते फक्त मला.

तर अशी मी पाखरांची पंडित. माझं लग्न ठरलं ते सत्तावन्न सालच्या वैशाखात. आदल्या दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि त्यानंतरचं वस्तीतलं हे पहिलं लग्न. भटजी नाही, पंचांग नाही, मुहूर्त नाही. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, वंदना, दोन हार, आणि सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं. हे नेमकं कसं करायचं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून जो तो दुसऱ्याला सांगत होता.

मुलगा देवळीकडचा, चंद्रभान. आता मी त्यांना 'आमचे हे' म्हणते, पण तेव्हा ते नुसते चंद्रभान होते आणि एकदा चहा पिताना माझ्याकडे बघून त्यांना ठसका लागला होता, एवढीच ओळख. वडील लहानपणीच गेलेले, म्हणून मामाने वाढवलेले. मामांचं नाव तानबा. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या ज्वारीची राखण केली होती. माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाखरांना शिव्या द्यायच्या. त्यामुळे त्यांचा आवाज असा झाला होता की ते हळू बोलले तरी शेजारच्या घरातले बाहेर येत.

बोलणी करायला आले तेव्हा तानबामामा होणाऱ्या व्याह्यांना, म्हणजे माझ्या बाबांना, म्हणाले, "इवाई, हुंडा नको, आंदन नको. एक तांब्याबी नको. आता ते सोडलं आपन. फक्त माह्या मानसाईचा मान ठेवजा, बस." बाबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. हुंडा मागितला असता तर काहीतरी जमवाजमव करता आली असती, मान कुठून जमवायचा, असं त्यांना झालं.

मान म्हणजे आधी जानोसा. वऱ्हाड जिथे उतरवायचं ती जागा. आमच्या घरात आम्हीच मावत नव्हतो, म्हणून बाबा म्हणाले, "चिंचीखाली खाटा टाकू. एवढी सावली अख्ख्या वस्तीत नाई."

मी उसळले. "बाबा, ते पांढरे कपडे घालून येनार हाये! सांजच्याले पाखरं आले तं काय होईन?"

"मंग कुठी ठेवू त्याईले, माह्या डोक्यावर?"

"निंबाखाली ठेवा. इहिरीजवळच्या."

हा निंब वस्तीच्या विहिरीपाशी होता. पाणी हाताशी, सावली गार. आणि मी काही तोंडाला येईल ते बोलले नव्हते. लग्नाआधी तीन दिवस रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन उभी राहिले. एकही पाखरू तिथे निजायला आलं नाही. खालची जमीन पाहिली, स्वच्छ. मैत्रीण पंचफुला बरोबर होती. ती म्हणाली, "नवरी हायेस की पटवारी?" पण बाबांना माझा अभिमान वाटला. पोरगी सातवी शिकली त्याचं चीज झालं, असं ते दोघा-तिघांना सांगून आले.

निंबाचं ठरलं तशी चिंच मोकळी झाली. धुरपता आत्या, म्हणजे बाबांची बहीण, स्वयंपाकाची पुढारी. ती म्हणाली, "मंग मी चुला इथंच मांडतो. घरबी जवळ, सावलीबी."

आणि मी, पाखरांची पंडित, तिथे उभी राहून म्हणाले, "मांड ना."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दुपारी पोचलं. आदल्या रात्रीपासून सात बंड्या चालून आलेल्या, बैलांच्या आणि माणसांच्या अंगावर सारखीच धूळ. निंबाखाली खाटा टाकलेल्या, रांजण भरलेले. वऱ्हाडी विहिरीवर आंघोळी करून सावलीत असे आडवे झाले की पंचफुला सरबताचे पेले घेऊन गेली तर अर्ध्यांना उठवावं लागलं. ती परत येऊन मला म्हणाली, "मामा खूश हाये. म्हनते, जागा कोन पाह्यली, त्याले शंभर मार्क." मी आरशात बघून स्वतःलाच मान डोलावली.

पाच वाजता त्यांनी लग्नासाठी आणलेले पांढरे कपडे बाहेर काढले. पंचफुला सांगत होती, तानबामामांनी गाठोडं सोडलं तेव्हा सगळे बघत राहिले. धोतर, सदरा, फेटा. हे कपडे त्यांनी दीक्षेसाठी शिवले होते आणि नागपूरला एकदाच घातले होते. घरी येऊन मामीने ते धुतले, निळीत काढले, आणि घडी करून ठेवले ते आज दुसऱ्यांदा बाहेर निघत होते. मामा म्हणाले होते, की उभ्या जन्मात त्यांच्या अंगावर कोरं कापड आलं ते हे पहिलंच. आधीचं सगळं कोणाचं ना कोणाचं उतरलेलं होतं. हे ऐकून मला तानबामामा फार आवडले. अजून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

साडेसहाच्या सुमाराला मी घरात बसले होते. पांढरं पातळ नेसून, केसांत मोगरा. लग्न साडेसातला, गॅसबत्तीच्या उजेडात. बाहेर आत्याच्या तीन चुली पेटलेल्या, वरणाचा घमघमाट सुटलेला, आणि लाकडं ओली निघाल्यामुळे धूर असा की आत बसून माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं. माय म्हणाली, "रडू नको वं, अजून टाइम हाय." मी म्हटलं, "रडून नाई राह्यली, धूर हाय."

आणि तेव्हा मला आवाज ऐकू आला. साळुंक्या आल्या होत्या. पण अकरा-बारा वर्षं जो आवाज रोज डोक्यावरून यायचा तो आज लांबून, भलत्याच बाजूने येत होता. एक फेरी घराभोवती झाली, दुसरी झाली, मग सगळा कालवा विहिरीकडे सरकला. चिंच धुराने भरली होती. पाखरांना निजायला दुसरं झाड पाहिजे होतं. जवळचं, दाट, गार झाड. तसं झाड वस्तीत एकच होतं, आणि त्याखाली चाळीस माणसं पांढरे कपडे घालून बसली होती.

पंचफुला धावत आली. हसावं की रडावं तिला कळत नव्हतं. "सुलोचने, घात झाला! वरतून नुसता पाऊस पडून राह्यला! एकबी सुटला नाई!"

"अन् मामा?"

"मामा सगळ्यात मधात बसले होते ना," ती म्हणाली, आणि मग तिने पदरात तोंड लपवलं.

त्या आठवड्यात वडाची फळं पिकली होती. पाखरांनी दिवसभर तीच खाल्ली असणार, त्यामुळे पांढऱ्यावर तांबडे ठिपके. मामांच्या फेट्यावर, सदऱ्यावर, आणि त्या नागपूरच्या धोतरावर, जे उभ्या जन्मातलं पहिलं कोरं. बाबा धावत गेले, हात जोडले. तानबामामांचा आवाज आम्हाला घरात ऐकू येत होता. "इवाई, काय मांगतलं होतं म्या? मानच मांगतला होता ना? तेवढाबी नाई देता आला? जुपा रे बंड्या!"

बाबा परत आले ते पडवीत खालीच बसले. मायने डोळ्यांना पदर लावला, आणि तो काही धुरामुळे नव्हता. आत्या चुलीपासून ओरडून विचारत होती, पुऱ्या सोडू की नको.

मला बाबांचा चेहरा बघवेना. जागा माझी, मांड ना म्हणणारी मी, आणि हात जोडायला बाबा. मी उठले. माय म्हणाली, "कुठी चालली?"

"जानोशावर."

"अवं, नवरी कधी जानोशावर जात असते काय? लोक काय म्हनतीन?"

"भटजी नाई, मुहूर्त नाई, सारं सोडलं. मंग हे एक काऊन धरून ठेवता?" असं म्हणून मी चपला शोधल्या. त्या मिळाल्या नाहीत, म्हणून तशीच अनवाणी निघाले. पंचफुला माझ्या मागे. पोरं तिच्या मागे.

निंबाखाली दोन बंड्या जुंपून झाल्या होत्या. वर साळुंक्यांचं भांडण ऐन रंगात, आणि खाली माणसांचं. वऱ्हाडी अंग झटकत होते आणि झटकताना डाग पसरवत होते. आमचे हे एका खाटेच्या कडेला बसले होते. त्यांच्या कानावर एक ठिपका पडला होता. मला बघून त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी तोंड फिरवलं. आणि मला त्या घाईगर्दीतही वाटून गेलं, की लग्न झालं पाहिजे, याच माणसाशी झालं पाहिजे. अशा वेळी हसू येणारा माणूस दुसरा कुठे शोधायचा?

"हे कोन हाय?" तानबामामा गरजले.

"मी सुलोचना," मी म्हटलं. "जयभीम, मामाजी. बाबाचा काई गुन्हा नाई. जागा म्या ठरवली. तीन दिवस येऊन पाह्यलं, एक पाखरू नव्हतं. आमच्या चुलीच्या धुरानं ते इकडे आले. शिव्या द्याच्या तं मले द्या."

नवरीला शिव्या कशा द्यायच्या याचा कोणालाच सराव नव्हता. वऱ्हाडातली एक म्हातारी, रुख्माबाई, तेवढी पुटपुटली, "मुहूर्त नाई पाह्यला तं असंच होईन."

"आजी, पाखरायले पंचांग वाचता येत नाई," मी म्हटलं. पाठीमागे पंचफुला खुदकन हसली, आणि मामांच्या कपाळावरची शीर आणखी फुगली. मला माझी जीभ चावावीशी वाटली.

"चाला!" मामा म्हणाले. "हाका बंड्या!"

पहिल्या बंडीचे बैल हलले, आणि तेवढ्यात वरून काहीतरी फडफडत खाली पडलं. चाकाच्या अगदी पुढ्यात. साळुंकीचं पिलू होतं ते. अंगावर मळकट पिसं, शेपटी अर्धीच, चोचीच्या कडा पिवळ्या. चार-सहा दिवसांपूर्वी घरट्यातून निघालं असेल. आईबापांबरोबर निजायला आलं, नवीन झाड, नवीन फांदी, आणि सुटला पाय. वरून दोन साळुंक्या जिवाच्या आकांताने ओरडायला लागल्या.

"हाड्!" तानबामामांच्या तोंडून आपसूक निघालं, आणि त्यांचा हात कमरेकडे गेला. तिथे गोफण नव्हती. मग त्यांनी पिलाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि बंडीवाल्याला म्हणाले, "थांब बे! पंचशील घेतलं हाय आपन. चाकाखाली पाखरू मारून निघाचं काय?" एका पोराला त्यांनी निंबावर चढवलं. "पाह्य, ह्याचं घरटं कुठी हाय. नेऊन ठेव त्यात. मंग हाका बंड्या."

पोरगा सरसर चढला. या फांदीवर, त्या फांदीवर. साळुंक्या त्याच्या डोक्यावरून भिरभिरल्या. वरून तो ओरडला, "मामा, घरटंच नाई!"

"नीट पाह्य!"

"नीट पाह्यलं! एकबी नाई!"

तानबामामांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच राग बाजूला ठेवून नीट पाहिलं. "घरटं नाई? मंग हे एवढे निजते कुठी?"

"असेच, फांदीवर," मी म्हटलं. "घरट्यात फक्त पिलं असते, तेबी पंख फुटेपर्यंत. एकदा निंगालं का परत जात नाई. हे पिलू तुमी कोन्या घरट्यात ठेवलं तरी राह्यनार नाई."

"मंग आता ह्याचं काय कराव?"

"त्याची माय वरतं हाय. ते येईन. पन आपन असे ओरडून राह्यलो, तं कशी येईन? बंडीच्या जुवावर ठेवा त्याले, बैल सोडा, अन् सारे जन खाली बसा. कोनी बोलाचं नाई. कोनी हालाचं नाई."

मी हे बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी तानबामामांना गप्प बसायला सांगितलं होतं. तीस वर्षांत कोणी सांगितलं नसेल.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली वाकले. त्या भल्यामोठ्या हातांनी पिलू असं उचललं की ते ओरडलंसुद्धा नाही. बैल सोडले, जू टेकवलं, त्यावर पिलू ठेवलं. आणि वऱ्हाडाकडे वळून, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणाले, "बसा."

झाडावरचा पोरगा खाली उतरला, आणि चाळीस माणसं बसली. खाटांवर, जमिनीवर, जिथे होती तिथे. मीही बसले, नवरदेवापासून चार हातांवर. वरून अधूनमधून ठिपके पडत होते. एक माझ्या खांद्यावर पडला. कोणी पुसला नाही. रुख्माबाईला खोकला आला तो तिने पदरात दाबला. पोरंसुद्धा गप्प होती, आणि आमच्या वस्तीची पोरं मी ओळखते.

बराच वेळ काही झालं नाही. पिलू जुवावर अंग फुगवून बसलेलं. मला धाकधूक, की आई आलीच नाही तर? अंधार झाला तर ती येणार नाही, मग पिलू मांजराचं, आणि लग्नाचं तर विचारायलाच नको.

मग खालच्या फांदीवर एक साळुंकी उतरली. मान वाकडी करून तिने आम्हा सगळ्यांना बघून घेतलं. उडाली, जुवाच्या दुसऱ्या टोकाला बसली. टुकटुक चालत आली. पिलाने चोच उघडली, पंख थरथरवले, आणि तिने त्याच्या घशात काहीतरी कोंबलं. पुन्हा फांदीवर जाऊन तिने हाक मारली. पिलाने एक उडी मारली, चुकली, ते बंडीच्या साट्यावर, लाकडी चौकटीवर, आदळलं. कोणीतरी "अर्रर्र" म्हणालं, आणि मामांनी नुसतं बोट वर केलं. दुसरी उडी फांदीपर्यंत पोचली. तिथून ते चालत, अडखळत वर सरकत गेलं. एका आडव्या फांदीवर साळुंक्या एकमेकींना चिकटून रांगेने बसल्या होत्या. पिलाने दोघींच्या मध्ये डोकं घातलं, मग अंग घातलं. दोघी जरा कुरकुरल्या आणि सरकल्या. त्याला जागा झाली.

आणि मग ते झालं जे आमच्या चिंचेवर रोज व्हायचं. सगळ्या एकदम गप्प झाल्या. एवढ्या मोठ्या झाडावरून एक आवाज नाही.

तानबामामा वर बघत होते. बघता बघता त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. "तीस सालं," ते म्हणाले, कोणाशी तरी, कदाचित स्वतःशीच. "तीस सालं हाकलून राह्यलो ह्याईले. या शेतातून त्या शेतात, त्या शेतातून पल्याड. सांजच्याले म्या घरी जाऊन निजो. हे कुठी जाते, कधी इचारलंच नाई."

त्यांचा आवाज त्या वेळी शेजारच्या घरापर्यंत पोचला नसता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि यावेळी मी धुराचं नाव सांगणार नाही.

थोड्या वेळाने ते उठले. माझे बाबा केव्हाचे येऊन विहिरीच्या कठड्याजवळ उभे होते, पुढे यायची हिंमत होत नव्हती. मामा त्यांच्याकडे गेले. "इवाई," ते हळूच म्हणाले, "मंडपात कधी याचं?"

बाबा दोन पावलं पुढे आले. त्यांनी नुसते दोन्ही हात मामांच्या खांद्यांवर ठेवले, तेही डाग नसलेली जागा शोधून.

"कपडे बदलता का, मामा?" आमच्या ह्यांनी विचारलं. "गाठोड्यात जुने हायेत."

"काऊन बदलू? नवे ते नवेच." मामांनी फेटा पुन्हा बांधला, ठिपके पुढे आले तरी तसाच. मग माझ्याकडे वळले. "अन् तू इथी काय करतं, पोरी? नवरी जानोशावर येत असते काय? पय घरी!"

मी पळाले. पंचफुला मागे, पोरं तिच्या मागे.

हिंगणघाटहून आणलेले बाजेवाले मघापासून ढोल गळ्यात अडकवून तयार होते. त्यांनी टिपरू उचललं तसं मामांनी हात आडवा केला. "अजून नाई. इहिरीपल्याड गेल्यावर वाजवजा. अन् गॅसबत्तीबी तिकडेच ठेवा. निजले हाये ते." वडनेरने पुष्कळ वराती पाहिल्या, पण चाळीस माणसं, ढोल गळ्यात, अंधारात चपला हातात घेऊन चोरपावलांनी चाललेली वरात तेवढी एकच. विहीर मागे पडली तेव्हा मग बाज्याने असा जोर लावला की आत्याच्या हातून झारा पडला.

लग्न झालं. वंदना म्हणताना दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या कपड्यांकडे बघत होती, पण हसलं कोणी नाही. ते जेवणाच्या पंगतीत हसले, मनसोक्त, आणि सगळ्यात मोठ्याने तानबामामा. सकाळी बंडीत बसायच्या आधी मी खराटा घेऊन निंबाखालची जमीन झाडून काढली. माय म्हणाली, "आता चिंचीखाली कोन झाडन वं?" एवढंच म्हणाली, पण मी रडले ते तेव्हा. बंडी वस्तीबाहेर पडली तेव्हा पाहिलं तर खराटा माझ्या हातातच राहिला होता.

सासरी गेल्यावर चार दिवसांनी मी मामांचं धोतर धुवायला घेतलं. रिठे भिजवले, सोडा आणला, ऊन चांगलं होतं. घासायला बसणार तोच मामा आले आणि त्यांनी धोतर माझ्या हातातून ओढून घेतलं. "साद्या पान्यात काढ. डाग राहू दे."

त्यानंतर दर दसऱ्याला ते तेच धोतर नेसून नागपूरला जायचे. धुऊन धुऊन वडाच्या फळांचा रंग फिका झाला, पण गेला नाही. वाटेत कोणी ना कोणी विचारायचंच, बाबा, हे डाग कशाचे? आणि ज्यांनी हुंडा नको, आंदण नको, एक तांब्याही नको म्हटलं होतं, ते तानबामामा छाती पुढे काढून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "हे आंदन हाय. सुनेच्या घरून आलं."